खिशात राहिलेली पट्टी

भाऊजी,

तुमचं पत्र पोचलं. नेहमीप्रमाणे शेवटच्या ओळीत "ते काम झालं का?" असं विचारलंय. मीही नेहमीप्रमाणे माझ्या गुडघ्याचं, वरच्या मजल्यावरच्या गळक्या नळाचं आणि चर्चमधल्या नव्या बाकांचं लिहून पाठवणार होते. याआधीची पाच पत्रं तशीच पाठवली. तुमच्या ते लक्षात आलं नसेल असं नाही. पण दुसऱ्याने विषय बदलला की तुम्ही तो मुकाट बदलू देता, आणि मला आता त्याचाच राग येऊ लागलाय.

म्हणून आज पहिल्यापासून लिहिते. तुमच्याबद्दलच लिहिते, पण गोष्टीतल्या माणसाबद्दल लिहावं तसं लांबून. एक तर 'तुम्ही, तुम्ही' म्हणत लिहिलं की तुम्ही मधेच बोलाल असं वाटत राहतं. दुसरं म्हणजे हे आणखी चार जणांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे, आणि त्यांना तुमचं मशीन, तुमची खुर्ची, यातलं काही ठाऊक नाही. तेव्हा तुम्हाला माहीत असलेलंही पुन्हा येईल. निमूट वाचा.

हॉस्पिटलात त्यांना 'पंधरा पौंड' म्हणत. तोंडावर 'काका' आणि पाठ फिरली की 'पंधरा पौंड'. प्लंबर तेवढा तोंडावरही पंधरा पौंडच म्हणायचा. तळमजल्यावर कपडे धुण्याच्या जागेला लागून एक लांबट खोली होती. पाटीवर तिचं नाव भलं मोठं होतं, पण बोलताना सगळे वाफेची खोली म्हणत. ऑपरेशनची धुतलेली हत्यारं, हिरवी कापडं, कापसाचे डबे एका दाराने आत यायचे. लांब स्टीलच्या टेबलावर त्यांचे गठ्ठे बांधले जायचे, ते मशीनमध्ये जायचे आणि निर्जंतुक होऊन दुसऱ्या दाराने वर थिएटरला जायचे. मशीन माणसाएवढं उंच, जाड दाराचं, दारावर जहाजाच्या सुकाणूसारखं चाक. आत वाफ सोडायची, दाबाचा काटा पंधरा पौंडांवर न्यायचा आणि अर्धा तास तिथेच ठेवायचा. सव्वीस वर्षं त्यांनी एवढंच काम केलं.

इतर पाळ्यांतली माणसं काटा पंधरावर गेला की चहाला जात. हे खुर्ची ओढून काट्यासमोर बसत. खुर्चीचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. अर्धा तास हा माणूस काट्याकडे असं बघायचा, जणू काटा उठून चालायला लागणार आहे. कुणी म्हणालं, "काका, मशीन आहे ते, आपोआप करतं," की म्हणायचे, "करतं ना. मी नुसता सोबत बसलोय."

माणूस ख्रिस्ती, देवभोळा म्हणावा इतका सरळ. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात. घराच्या वरच्या मजल्यावर ते आणि खालच्या मजल्यावर त्यांच्या थोरल्या भावाची विधवा, म्हणजे त्यांची वहिनी. वहिनी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या आणि तोंडाने फटकळ. दोघांचं जेवण खालीच व्हायचं, वादही तिथेच.

तर चर्चमध्ये नवे पाळक आले. वय कमी, उत्साह उतू जाणारा. पहिल्याच महिन्यात त्यांनी मंडळीला फैलावर घेतलं. आपण रविवारी चांगले आणि सोमवारी गायब, आपल्या असण्याने जगाला काही फरक पडतो की नाही, वगैरे. बोलून थांबले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कार्डं छापून आणली. पोस्टकार्डाएवढी, तीन ओळींची. कामाचं ठिकाण. कोणत्या व्यक्तीवर परिणाम झाला. काय परिणाम झाला. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी कार्ड भरून दाराजवळच्या पेटीत टाकायचं.

त्या दिवशी जेवताना पंधरा पौंडांनी कार्ड ताटाशेजारी ठेवलं आणि विचारलं, "वहिनी, परिणाम म्हणजे नेमकं काय धरायचं?"

"आधीचा माणूस आणि नंतरचा माणूस यांतला फरक."

"म्हणजे आधीचा मोजून ठेवायला हवा होता."

"माणसं मोजायची नसतात, भाऊजी."

"मग कार्डावर काय लिहू?"

"पाळकांना विचारा. त्यांनी छापलंय."

हा माणूस खरंच विचारायला गेला. पाळक म्हणाले, "तुमच्या वागण्यातून लोकांना दिसलं पाहिजे." यांनी विचारलं, "दिसलं हे मला कसं दिसेल?" पाळक हसले आणि खांद्यावर हात ठेवून दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला गेले.

मग सुरू झाले प्रयोग. पहिल्या महिन्यात प्लंबरवर. तो वाफेच्या पाइपांना जे काही म्हणायचा ते ऐकून नर्सबाया कानांवर हात ठेवत. पंधरा पौंडांनी त्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की तोंड जरा सांभाळ. प्लंबर म्हणाला, "पंधरा पौंड, तुम्ही मशीनवर डोळे लावून बसता, मी काही म्हणतो? प्रत्येकाची आपली पद्धत असते." पण माणूस मनाने वाईट नव्हता. त्या दिवसापासून तो खोलीबाहेर पॅसेजमध्ये उभा राहून सगळ्या शिव्या संपवायचा, मग दारावर टकटक करून आत यायचा. यांनी कार्डावर लिहिलं: 'प्लंबर. दारापर्यंत.' पाळकांनी ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

दुसऱ्या महिन्यात त्यांनी फळ्यावर खडूने सुविचार लिहिला, 'खरे बोलावे.' खाली कुणीतरी लिहिलं, 'आणि दार नीट लावावे.' वाफेच्या खोलीचं दार त्या दिवसापासून सगळे नीट लावू लागले. खरं बोलण्याचं काही कळायला मार्ग नव्हता. त्या महिन्याचं कार्ड कोरंच गेलं.

टेबलावर गठ्ठे बांधायला तिघी जणी होत्या. त्यांतल्या शेवटच्या बाईला सगळे धाकटी म्हणत. वय पस्तिशीच्या पुढचं, पण बाकीच्या दोघी पन्नाशीच्या, म्हणून ही धाकटी. त्या दोघी हॉस्पिटलच्या कायम नोकरीत होत्या, ही कंत्राटदाराकडून आलेली. घरी अंथरुणाला खिळलेली आई, आणि कमावणारी ही एकटी. हात असा सफाईदार की कापडाचं टोक आत दुमडून ती जी गाठ मारायची, ती थिएटरच्या सिस्टर एका बोटाने सोडायच्या. प्रत्येक गठ्ठ्यात मधोमध कागदाची एक छोटी पट्टी ठेवायची असते. वाफ आतपर्यंत पोचली की पट्टी काळी पडते, आणि वर गठ्ठा उघडणारीला कळतं की माल खात्रीचा आहे. धाकटी सकाळी दहा गठ्ठ्यांना दहा पट्ट्या मोजून खिशात ठेवायची आणि एकेक काढायची.

तिसरा महिना संपत आला. रविवार तीन दिवसांवर आणि कार्ड कोरं. गुरुवारी दुपारी पंधरा पौंड काट्यासमोर बसलेले असताना पॅसेजमध्ये प्लंबर आणि बॉयलरवाला यांची जुंपली. कुणी कुणाची पक्कड न विचारता नेली, असलं काहीतरी. आवाज चढला. पंधरा पौंडांच्या मनात आलं, हीच संधी. भांडण मिटवलं तर एका दगडात दोन माणसं होतील, कार्डावर मावणारही नाहीत. आणि सव्वीस वर्षांत प्रथमच ते काटा पंधरावर असताना खुर्चीवरून उठले.

भांडण मिटलं नाही. उलट दोघं एक होऊन यांनाच म्हणाले, "तुम्ही यात पडू नका." ते परत आले तेव्हा अर्धा तास भरत आला होता आणि काटा पंधरावर होता. त्यांनी रजिस्टरात सही केली. गठ्ठे वर गेले.

मशीनच्या बाजूला एक गोल कागद असतो. आत दाब किती आहे ते एक बारीक पेन त्यावर आपोआप रेघ ओढून लिहितं. संध्याकाळी तो कागद बदलताना पंधरा पौंडांना रेघेत एक खाच दिसली. ते पॅसेजमध्ये होते तेव्हा वीज डळमळली होती आणि आठ मिनिटं दाब खाली गेला होता. नंतर तो आपला आपण वर आला होता. म्हणजे सही खोटी.

धाकटी टेबल पुसत होती. तिने त्यांचा चेहरा पाहिला, कागद पाहिला. सव्वा वर्षात ती तेवढं वाचायला शिकली होती.

"काका, नवा कागद लावा की. कोण बघतंय?"

"मी बघितला ना," पंधरा पौंड म्हणाले, आणि कागद हातात घेऊन जिना चढायला लागले.

वर हलकल्लोळ झाला. सगळे गठ्ठे परत मागवले गेले, दुसऱ्या दिवशीची दोन ऑपरेशनं पुढे गेली, एका सर्जननी त्यांना जे सुनावलं ते प्लंबरलाही सुचलं नसतं. शुक्रवारी सकाळी अधीक्षक मॅडमनी बोलावलं. हे गेले ते नोकरी गेली असं धरूनच. पण मॅडमनी बसायला सांगितलं, चहा मागवला आणि म्हणाल्या, "सव्वीस वर्षांत पहिली चूक, आणि तीही तुम्ही स्वतः आणून दिलीत. कुणाला काही झालं नाही ते यामुळेच." खाली येईपर्यंत ही बातमी त्यांच्याआधी खाली पोचली होती.

त्यांनी रजिस्टरच्या मागच्या पानावर फूटपट्टीने रेघा मारल्या. तारीख, चूक, कुणाची, काय केलं. पहिली नोंद स्वतःची. कुणाला दाखवायला म्हणून नाही, त्यांची सवयच तशी. पण आठवडाभरात दुसरी नोंद पडली, बॉयलरवाल्याची. मग थिएटरच्या एका सिस्टरने स्वतःहून खाली येऊन लिहिलं, की तिने ओला गठ्ठा तसाच वापरायला काढला होता. पहिल्या महिन्यात अकरा नोंदी झाल्या. प्लंबरने लिहिलं, 'बायकोशी खोटं बोललो.' यांनी ते खोडून पुढे लिहिलं, 'आपल्या खात्यातलं नाही.'

आता गंमत बघा. हे सगळं डोळ्यांसमोर होत असताना या माणसाने कार्डावर काय लिहिलं? 'प्लंबर. अजून दारापर्यंतच.' त्यांना खरंच कळलं नव्हतं. वहिनींना कळलं होतं, पण त्या बोलल्या नाहीत. म्हटलं, याचं याला कळू दे. हे शिक्षकी खोडीचं वागणं, दुसरं काय.

आणि मग धाकटीच्या खिशात एक पट्टी राहिली.

पाळी संपवून ती फाटकापर्यंत गेली होती. बसच्या पाससाठी खिशात हात घातला, तर हाताला पट्टी लागली. दहा मोजून घेतलेल्या, दहा गठ्ठे बांधलेले, म्हणजे एक गठ्ठा पट्टीशिवाय गेला. गठ्ठा निर्जंतुक होता, यात शंका नव्हती. पंधरा पौंड स्वतः काट्यासमोर बसले होते. पट्टी फाटकाबाहेरच्या गटारात टाकली असती तर ती कुणाकडून राहिली, याचा जगात कुणालाही पत्ता लागला नसता. ती मागे वळली. पंधरा पौंड घरी गेले होते. ती सरळ वर थिएटरला गेली, पट्टी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "माझी चूक."

पुन्हा दहा गठ्ठे परत, पुन्हा एक ऑपरेशन पुढे. या वेळी चहा आला नाही. ती कंत्राटदाराची माणूस, तेव्हा निरोप कंत्राटदाराच्या मुकादमाकडे गेला. त्याने फाटकावरच तिचा हॉस्पिटलचा पास काढून घेतला आणि सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी टेबलाशी दोघीच होत्या. पंधरा पौंडांनी विचारलं तेव्हा त्यांतली एक म्हणाली, "तुमचं बघून गेली ना काका सांगायला. आम्ही असतो तर थांबवली असती." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर परवडला असता.

रात्रीचं जेवण तसंच राहिलं. ते म्हणाले, "वहिनी, मी सांगितलं तर चहा, तिने सांगितलं तर घरी. चूक तर माझी मोठी होती."

वहिनी म्हणाल्या, "चला, चार महिन्यांनी एकदाचं कार्ड भरलं."

हे बोलायला नको होतं. बोलून झाल्यावर कळलं. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि वर गेले. जिन्यावर त्यांची पावलं मधेच थांबली, मग पुन्हा सुरू झाली.

पाळकांच्या कानावर ही गोष्ट गेली ती अर्धीच. सर्वांसमोर चूक कबूल केली, अन् ते पाहून एक बाईही तशीच वागली, एवढंच. त्यांचा आनंद गगनात मावेना. येत्या रविवारी उपासनेत उभं राहून साक्ष द्या, झालं ते सगळ्यांना सांगा, म्हणाले. पंधरा पौंडांना नाही म्हणणं जमत नाही. ते उभे राहिले. पुढच्या बाकाची कड धरली. मग म्हणाले, "माझ्यामुळे एका बाईचं काम गेलं. ती चांगली वागली म्हणून गेलं. याला परिणाम म्हणायचं का, ते मला इथे कुणीतरी सांगावं. मला खरंच कळत नाही."

आणि उत्तराची वाट बघत ते उभेच राहिले. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी शेवटी घाईघाईने पुढचं गीत सुरू केलं, तेही चुकीच्या पट्टीत.

त्यानंतर ते तीन वेळा मुकादमाकडे गेले. तो म्हणाला, मला वरून आदेश आहे. वर विचारलं तर म्हणाले, हा कंत्राटदाराचा प्रश्न. खाली-वर करून ते थकले. मग दोन महिन्यांनी एकदा रजिस्टरचं मागचं पान उघडलं, आणि बसल्या जागी ताठ झाले. धाकटी गेली त्या दिवसानंतर पानावर एकही नोंद नव्हती.

ते रजिस्टर काखेत मारून ते अधीक्षक मॅडमकडे गेले.

"मॅडम, आधीच्या महिन्यात अकरा चुका. त्यानंतरच्या दोन महिन्यांत शून्य."

"मग चांगलंच आहे की."

"आपण सगळे एकाएकी सुधारलो असू, तर चांगलं आहे." त्यांनी पान पुढे सरकवलं. "मशीन तेच आहे, माणसं तीच आहेत, वीजही तशीच जाते. चुका होतच आहेत मॅडम. नुसत्या आता तुमच्यापर्यंत येत नाहीत. आधी निदान कळत तरी होत्या."

मॅडमनी पान दोनदा वाचलं. म्हणाल्या, "हे इथेच राहू द्या." पाचव्या दिवशी कंत्राटदाराला लेखी पत्र गेलं, की त्या बाईंना परत घ्यावं.

पंधरा पौंड स्वतः निरोप घेऊन निघाले. धाकटी राहत होती त्या चाळीत कळलं, की ती आता बाजारामागच्या शिवणकारखान्यात जाते. शाळांचे गणवेश शिवायचा कारखाना तो. ती पॅकिंगच्या टेबलाशी शर्टांची बटणं तपासत होती. घडी तीच, टोक आत दुमडून. यांना बघून हसली, स्टूल पुसून दिलं.

निरोप ऐकून ती म्हणाली, "नको, काका."

"का? लेखी पत्र आहे."

"इथून दुपारी घरी जाऊन आईला बघून येता येतं. आणि तिथे आता सगळे माझ्याकडे बघत राहतील. तुमच्याकडे बघतात ते वेगळं."

"माझ्यावर राग आहे का?"

तिने खरंच थोडा विचार केला. "आईला आहे," ती म्हणाली. "मला काय आहे ते मलाच कळत नाही."

ते उठायला लागले तेव्हा तिने इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काका, एक विचारू? परवा एका खोक्यात चाळीसच्या जागी मी एकोणचाळीस शर्ट टाकले असं वाटतंय. खोकं गेलं. एका पोराला शर्ट मिळणार नाही, एवढंच. इथला मालक तापट आहे. सांगू का?"

सव्वीस वर्षं काट्याकडे बघून सही करणारा माणूस. 'मी बघितला ना' म्हणून एका दमात जिना चढलेला माणूस. तो म्हणाला, "मला जरा विचार करू दे. सांगतो तुला."

चार दिवस विचार चालला होता. घरात त्यांच्या निवृत्तीची आवराआवर, मुलगी त्यांना कायमचं आपल्याकडे न्यायला आलेली, खोकी बांधली जात होती, आणि हे मधेच उभे. वहिनी म्हणाल्या, "एवढं काय त्यात? एक तर सांग म्हणा, नाही तर नको म्हणा."

"सांग म्हटलं तर हेही काम जाईल. नको म्हटलं तर मग मी त्या दिवशी वर कशाला गेलो होतो?"

वहिनी पुन्हा खोकी बांधायला लागल्या. गणितात असं होत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी ते खाली आले. हातात पाळकांचं एक उरलेलं कोरं कार्ड होतं. पहिल्या दोन ओळी तशाच रिकाम्या. 'काय परिणाम झाला' या छापील ओळीवर काट मारून त्याखाली त्यांच्या रजिस्टरी अक्षरात लिहिलं होतं: 'सांग. पण एकटी जाऊ नकोस. कुणीतरी बरोबर येईल.'

"हे तिला नेऊन द्याल?"

वहिनींनी वाचलं. "हे कुणीतरी म्हणजे कोण?"

"मीच गेलो असतो."

"उद्या दुपारच्या गाडीने चालला आहात तुम्ही."

"म्हणून तर तुमच्याकडे देतोय," ते म्हणाले. "तिथे काही बोलायचं नाही, वहिनी. तिच्या शेजारी नुसतं उभं राहायचं. सोबत."

वहिनी म्हणाल्या, "बघू."

एवढीच गोष्ट. पुढचं माझं.

भाऊजी, मी पहिल्या आठवड्यात गेले नाही. कारण लिहिते, म्हणजे तुमच्या मागच्या पानावर शोभेल. मला वाटलं, तुम्ही पुन्हा तीच चूक करताय, आणि या वेळी माझ्या हातून करवताय. एका शर्टासाठी त्या बाईचं दुसरंही काम घालवायचं, आणि वर तापट मालकासमोर मी उभी राहायची, ती कशासाठी? हे मला अजूनही चुकीचं वाटतं. मग रात्री वाटतं की मालकाच्या भीतीने मी हे कारण शोधून काढलं. दोन्ही खरं असू शकतं का, ते मला ठरवता येत नाही. चाळीस वर्षं पोरांना पायरी-पायरीने उत्तर लिहायला लावलं, आणि स्वतःला पहिली पायरी सुचत नाही.

तेराव्या दिवशी गेले. कार्ड पर्समध्ये. कारखान्याच्या दारात उभी राहिले. ती टेबलाशी होती, शर्टाच्या घड्या मोजत होती, ओठ हलत होते. तिने वर पाहिलं. मला ओळखत नव्हतीच ती. म्हणाली, "कुणाला भेटायचंय, मावशी?"

मी म्हणाले, "शिवणयंत्राचं तेल कुठे मिळतं इथे?"

तिने उठून दारापर्यंत येऊन दुकान दाखवलं. मी तेल घेऊन घरी आले. माझ्याकडे शिवणयंत्र नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. या वेळी ठरवून गेले होते. टेबलाशी दुसरीच मुलगी होती. मी विचारलं, आधीची कुठाय? म्हणाली, "गेली ती." मी म्हटलं, गेली म्हणजे सोडून गेली, की काढलं? तर म्हणाली, "मला काय ठाऊक, मी सोमवारपासून आहे." मालक आतल्या खोलीत कुणावर तरी ओरडत होता. त्याला विचारायचा धीर झाला नाही. चाळीत गेले तर खोलीला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, आईला घेऊन बहिणीकडे गेली, बहीण कुठली ते माहीत नाही.

ती कुणाची वाट न बघता एकटीच सांगायला गेली, की तुमचं उत्तर आलं नाही म्हणून गप्प बसली आणि दुसऱ्याच कारणाने गेली, हे मला कळलेलं नाही. तुम्हालाही आता कळणार नाही.

तर ते काम झालं नाही. तेलाची बाटली फडताळात आहे. कार्ड माझ्या चष्म्याच्या डबीत आहे. उपासनेला चष्मा काढायला गेले की आधी तेच बाहेर येतं, आणि शेजारच्या बाई विचारतात, या महिन्याचं टाकलं नाहीत का अजून पेटीत?